खापरावरचा अंगठा

आई गेल्यापासून बाबा बोलेनासे झाले होते, म्हणून मी त्यांना घेऊन चार दिवस समुद्रकाठच्या चौलला गेले. आम्ही उतरलो होतो त्या घरच्या वहिनी नारळाचं रोप लावायला खणत होत्या. मातीतून खापराचा एक तुकडा निघाला.

"जुनं बंदर ना काका, निघतात अशी खापरं," म्हणत त्यांनी तो बाबांच्या हातात दिला.

त्यावर अंगठ्याचा ठसा होता. शेकडो वर्षांपूर्वी कुणीतरी ओलं मडकं उचललं असेल. गलबतं गेली, राजे गेले, एवढासा दाब मात्र राहिला. बाबांनी आपला अंगठा त्यावर हलकेच टेकवला.

"तुझ्या आईच्या भाकरीच्या कडेला असाच उमटायचा," ते म्हणाले.

मग संध्याकाळपर्यंत ते आईबद्दलच बोलत राहिले.