ग्रीकांना म्हैसूरचा पत्ता देणाऱ्या जाऊबाई

माझ्या थोरल्या जाऊबाईंइतक्या ग्रीसमधल्या ओळखी अख्ख्या म्हैसुरात दुसऱ्या कुणाच्या नसतील, आणि बाई मात्र बंगळूरच्या पलीकडे कधी गेलेल्या नाहीत. घरात आम्ही सगळे त्यांना अक्का म्हणतो. जयलक्ष्मीपुरमच्या एका शाळेत सहावी-सातवीच्या मुलांना त्या इंग्रजी साहित्य शिकवतात. त्यांचं ठाम मत असं, की या वयाच्या पोरांना कविता आणि धडे पचायला हवे असतील तर आधी जुन्या ग्रीक गोष्टी पोटात गेल्या पाहिजेत, त्यासुद्धा आपल्या गावच्या पाण्यात शिजवून. म्हणून अक्कांच्या वर्गात पहिले काही दिवस एकही ग्रीक नाव निघत नाही. आधी माणसाला म्हैसूरचा पत्ता मिळतो, धंदा मिळतो, नातेवाईक मिळतात. मुलं त्याच्यावरून पुरती भांडून झाली की मगच अक्का फळ्यावर त्याचं खरं नाव लिहितात.

हात लावेल त्याचं सोनं करणारा राजा त्यांनी देवराज मोहल्ल्यात सराफ म्हणून बसवला. त्याने मसाला डोसा उचलला आणि डोसा सोन्याचा झाला, इथवर ठीक होतं. पण चटणी बोटाला लागायच्या आधी सोन्याची होते की नंतर, यावर सातवीचा सगळा तास गेला. मुलांनी ही बातमी घरोघर नेली. आठवड्याभरात त्याच मोहल्ल्यातले एक खरे सराफ शाळेत हजर झाले आणि बाई म्हणतात ते दुकान नेमकं कुठलं, असं मोठ्या अदबीने विचारू लागले. कारण त्यांची मुलगी त्यांना तिच्या ताटाला हात लावू देईना. अक्कांनी त्यांना कॉफी पाजली, समजूत घातली, आणि पुढच्या वर्षी आपल्या सराफाचं दुकान दुसऱ्या गल्लीत हलवलं.

मेणाचे पंख लावून उडालेल्या आणि सूर्याच्या फार जवळ जाऊन कोसळलेल्या पोराच्या बापाला त्यांनी शिंपी केलं. त्या बापाने दुसऱ्या दिवशी काय केलं, एवढंच मुलांना लिहायला दिलं. बहुतेकांनी पानभर रडारड केली. एका मुलीने लिहिलं, की बापाने दुकान उघडलं आणि मुलाच्या मापाचा अर्धा राहिलेला शर्ट शिवून पुरा केला. अक्का तो कागद घेऊन थेट स्वयंपाकघरात आल्या, मला वाचून दाखवला, परत वाचला, आणि सांबार तळाला लागलं ते दोघींच्याही लक्षात आलं नाही. त्या दिवशी जेवणाला नावं ठेवायची कुणाची हिंमत झाली नाही.

अडचण एवढीच, की अक्कांना वर्ग आणि घर यांत फरक करता येत नाही. ताटं वाढता वाढता त्या या मंडळींची खबरबात अशी देतात, की आमच्या सासूबाई ती सगळी खरीच माणसं समजतात. त्यातून अक्कांची सर्वांत लाडकी गोष्ट आई-मुलीची. आई मल्लिगेच्या, म्हणजे आपल्या मोगऱ्याच्या, मळ्याची मालकीण. तिच्या मुलीला जमिनीखाली राहणाऱ्या राजाने पळवून नेलं. अक्कांनी त्याला कोलारच्या खाणीत ठेवलं होतं. आईने असा आकांत मांडला, की गावात एक कळी उमलेना. शेवटी तडजोड झाली, पण मुलीने तिथे डाळिंबाचे दाणे खाल्ले होते, म्हणून अर्धं वर्ष तिकडे आणि अर्धं वर्ष आईकडे. हे पहिल्यांदा ऐकलं तेव्हा सासूबाई म्हणाल्या होत्या, अर्धं वर्ष माहेरपण? मग स्थळ काही वाईट नाही. अक्का मात्र दर वर्षी आईची बाजू इतक्या तावातावाने मांडत, की वर्गात मुलीच्या बाजूने उभं राहायची कुणाची छाती नसे.

आणि तिथेच वीणाची पंचाईत झाली होती. वीणा ही अक्कांची एकुलती एक मुलगी. तिला जर्मनीत नोकरी मिळाली होती, होकार सोमवारपर्यंत कळवायचा होता. तिने हे फक्त मला सांगितलं होतं. "काकू, आई नको म्हणणार नाही गं," ती म्हणाली, "सुम्ने बसून राहील. तेच मला सोसवणार नाही." सुम्ने म्हणजे मुकाट्याने, आणि अक्का मुकाट्याने बसल्या की घराला सुतक लागल्यासारखं वाटतं हे मलाही ठाऊक होतं.

रविवारी दुपारी जेवताना अक्का पुन्हा मोगऱ्याच्या मळ्यात शिरल्या, कारण दुसऱ्या दिवशी वर्गात तीच गोष्ट घ्यायची होती. आईचा आकांत चांगला रंगात आला आणि सासूबाईंनी हातातला घास खाली ठेवला. "अगं, आईचं ऐकलं, जावयाचंही ऐकलं," त्या म्हणाल्या. "त्या मुलीला काय हवंय ते कुणी विचारलं का? डाळिंब तिने आपल्या हातानेच खाल्लं ना?"

वर्गातसुद्धा हा प्रश्न अक्कांना कधी कुणी विचारला नव्हता. त्यांनी सासूबाईंकडे पाहिलं, मग ताकभात उगाच कालवत बसलेल्या लेकीकडे. खाली घातलेली मान शाळेतल्या बाईला लगेच वाचता येते. काय झालंय, असं त्यांनी विचारलं आणि वीणाने सगळं सांगून टाकलं. अक्का खरंच गप्प बसल्या.

"तुला जायचंय?" त्यांनी शेवटी विचारलं.

"हो."

"मग त्याला सोमवार कशाला पाहिजे? जेवण झालं की कळवून टाक, अल्वा?" हो की नाही, असं म्हणून त्यांनी वीणाला आणखी भात वाढला, जो तिने मागितला नव्हता.

वीणा निघाली त्या दिवशी तिला विमानतळाच्या बसमध्ये बसवून आम्ही दोघी रिक्षाने परत फिरलो. अक्का आता रडतील म्हणून मी तयारीत होते. पण त्यांनी रिक्षावाल्याला कन्नडमध्ये गोष्ट सांगायला घेतली. मोगऱ्याचा मळा, आई, एकच मुलगी. या खेपेला मुलीला कुणी पळवलं नाही. तिने आपण होऊन बॅग भरली आणि आईने वर चटणीपुडीचा डबा ठेवला. रिक्षावाला भला माणूस, मन लावून ऐकत होता. सिग्नलला थांबल्यावर त्याने मागे वळून विचारलं, "आमेले, मेडम?" मग पुढे काय झालं?

गोष्ट सांगताना अक्का अडल्या आहेत असं मी तोवर कधी पाहिलं नव्हतं. त्यांनी माझा हात घट्ट धरला.

"गोत्तिल्लप्पा," त्या म्हणाल्या. माहीत नाही रे बाबा.

सिग्नल सुटला. घर येईपर्यंत त्यांनी माझा हात सोडला नाही, आणि इतक्या वर्षांत त्या मला इतक्या आपल्या कधी वाटल्या नव्हत्या.