पाठीमागच्या भिंतीवरची जास्वंद

उस्मानपुऱ्यात आमच्या घरामागं एक पेंटर राहतो. दिवसभर दुकानांच्या पाट्या रंगवतो, पण सकाळी सहाला चहाचा कप घेऊन आमच्या फाटकापाशी येतो आणि एक डोळा मिटून अंगणातल्या जास्वंदीकडे बघत उभा राहतो. आई पूजेची फुलं तोडायला आली, की हळूच म्हणायचा, "मावशी, जरा थांबा. अजून ऊन पडलं नाय, रंग कळंना." आई कुरकुरत थांबायची. मला दोघांचंही हसू यायचं.

यंदा आई पडली आणि तिचं खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन नीट झालं, डॉक्टर बसायला सांगत होते, पण ती उठायचं नावच घेईना. पलंगावरून तिला खिडकीतून पेंटरच्या घराची सिमेंटची भिंत तेवढी दिसायची.

एका रविवारी सकाळी त्या भिंतीला शिडी लागली. दुपारपर्यंत तिथं जास्वंद फुलली, पानाफांद्यांसकट. शिडीवरूनच त्यानं विचारलं, "कशी झाली, मावशी?"

आईनं बराच वेळ पाहिलं. "लाल जास्त झालाय," ती म्हणाली. "माझी फुलं एवढी भडक नसतात."

"व्हय, बरोबर हाय तुमचं." तो खाली उतरला, पुन्हा रंग मिसळून वर चढला, पाकळ्यांवरून हात फिरवला. "आता?"

"आता बरा आहे. पण खालच्या कळ्या खिडकीच्या कठड्याआड जातात, दिसंनात मला."

तो ब्रश धरून नुसता थांबला. आईनं माझा हात मागितला आणि उठून बसली.