हिरड्याच्या झाडावरचा पाठ

पोपट गेल्याचं कळलं तेव्हा मी मंचरच्या शाळेत निकालपत्रकं भरत होतो. फोनवर त्याच्या वाडीतले एक पालक होते. "पोपट गुरुजी गेलं," ते म्हणाले. मी विचारलं, "कुठं बदली झाली?" पलीकडून हुंदका आला. परिपाठ चालू असताना छातीत कळ आली नि डोलीतून खाली आणेपर्यंत सगळं संपलं होतं. दीड महिना झाला, तरी त्या प्रश्नाची लाज जात नाही. पोपटला मात्र तो लई आवडला असता.

नव्वदच्या सुमारास आम्ही डी.एड.ला एकत्र होतो. तो अवसरीचा, मी मंचरचा. सराव पाठांसाठी आम्हाला आंबेगावच्या पश्चिमेला, डोंगरातल्या आदिवासी वाडीवर धाडलं. एसटीतून उतरून दोन तासांची चढण. पोपट घामाघूम, पण चार दिवस खपून रंगवलेला तक्ता त्यानं तान्ह्या पोरासारखा जपत आणला. विषय मुद्दाम तिथलाच घेतला होता, हिरडा. अडचण एवढीच, की हिरडा त्यानं फक्त किराणा दुकानाच्या बरणीत पाहिला होता.

तक्ता टांगला नि वर्गात हशा पिकला. तिसरीतली हिरा उठली. "गुरुजी, ह्यो काकडीचा येल हाय का?"

"हिरडा आहे."

"हिरडा येलाला न्हाई लागत. चला, दावते."

सगळा वर्ग टेकाडावर. पोपट म्हणाला, जवळून बघतो, आणि तिथल्या हिरड्यावर चढला. वर पोचला तेव्हा नवी पँट मागून टर्रकन फाटली. खाली मुली होत्या, त्यामुळं उतरायची सोय राहिली नाही. नेमके तेव्हाच पाठ तपासायला आमचे सर आले. त्यांच्या शेऱ्यावर वर्ष अवलंबून. त्यांनी वही उघडली, वर पाहिलं. "पाठाचं उद्दिष्ट?"

फांदीवरून पोपटचा आवाज आला, "विद्यार्थी शिक्षकाला खाली उतरवू शकतील, सर."

हिरा पळत जाऊन तो तक्ता घेऊन आली. पोपटनं तो कमरेला गुंडाळला, पोरांनी एकेक खोबण सांगत त्याला उतरवलं. सरांनी शेरा लिहिला: 'शैक्षणिक साहित्याचा वापर प्रसंगोचित. विषयज्ञान शून्य. पाठ पुन्हा घ्यावा.'

परतताना मी हसून बेजार. तो मात्र कमरेचा तक्ता सावरत म्हणाला, "राव, त्या पोरीला सगळं येत व्हतं. आन् तिला शिकवायला मी गेलो व्हतो..." पुन्हा घ्यायच्या पाठाला तो तक्त्याविना गेला, हिराकडून झाडंच झाडं शिकून आला आणि पास झाला. नोकरी लागल्यावर अर्ज करून तीच शाळा मागून घेतली. तिथली बदली लोक रद्द करून घेतात, त्यामुळं साहेबांना वाटलं, अर्ज चुकून आलाय. पुढं सोळा वर्षं, अगदी शेवटपर्यंत, त्यानं वाडी सोडली नाही.

गेल्या आठवड्यात मी वाडीवर त्याच्या शाळेत गेलो. सरावासाठी आलेली एक मुलगी, हातात टाचणवही, फळ्याकडं निघाली होती. एका चिमुरडीनं तिला अडवलं. "बाई, तुमी खाली बसायचं. पयल्या दिवशी आमी शिकवतो. गुरुजींचा नेम हाय."

बाई बसल्या. चिमुरडीनं माझ्याकडं पाहिलं. "तुमी बी."

मी चपला काढल्या, मागच्या भिंतीला टेकायला गेलो, तर सगळा वर्ग ओरडला, "तिथं न्हाई! ती गुरुजींची जागा हाय."

मी सरकून बसलो.