बापाचा दाखला मागणारी बाई

साऱ्या बुऱ्हाणपुराचा राग गोळा केला, तरी आमच्या धाकट्या वन्संच्या नाकावरच्या रागापुढे तो चिमूटभर भरेल. जैनाबादच्या शाळेत गणित शिकवून त्या निवृत्त झाल्या, राग मात्र नोकरीत कायम आहे. लग्न केलं नाही. एवढा राग एकट्या नवऱ्यावर उधळणं त्यांना पटलं नसावं. कुठल्याही कचेरीत जाताना त्या घडीचं स्टूल काखेत मारून जातात. का, तर "उभं माणूस दिसलं की हे लोक समजतात, आता जाईलच. बसलेल्याची भीती वाटते, वहिनी." सिंधीपुऱ्यातले रिक्षावाले ते स्टूल पाहूनच विचारतात, "दीदी, आज किसका नंबर?"

एकदा तो नंबर माझा लागला. बारा वर्षांपूर्वी मी कॉलेजात प्रवेशाच्या खिडकीवर कारकून होते. वय अठ्ठावन्न, म्हणजे अक्कल यायला अजून अवकाश होता. चष्मा नाकाच्या टोकावर आणि स्वतः प्राचार्यांच्याही वर, अशा थाटात मी बसायची. एका सकाळी खिडकीशी सुनीता नावाची सडपातळ पोर आली. बालगृहात वाढलेली, बारावीला विज्ञानात पहिल्या वर्गात पास, बीएस्सी करायचं म्हणत होती. मी फॉर्म उलटापालटा केला आणि म्हणाले, "पिताजी का आय प्रमाण पत्र?" ती म्हणाली, "पिताजी नहीं हैं, मॅडम." त्यावर मी, हो मीच, म्हणाले, "तो भी लगेगा." आता आठवलं की स्वतःचाच कान पिळावासा वाटतो. नसलेल्या बापाची कमाई मी सरकारी शिक्क्यानिशी मागत होते!

अर्ध्या तासात खिडकीसमोर स्टूल उघडल्याचा खाडकन आवाज आला. बालगृहातल्या मुलींना वन्सं फुकट गणित शिकवतात हे मला ठाऊक होतं. सुनीता त्यांचीच, हे ठाऊक नव्हतं. सकाळी माझ्याच हातचा चहा पिऊन आलेली ही बाई मला म्हणते, "ओ बाई, नाव काय तुमचं? तक्रारीत लिहायचंय." मी दबक्या आवाजात म्हटलं, "वन्सं, लोक बघताहेत." "बघू द्या. बघायलाच बसलेय मी." गलका ऐकून प्राचार्य बाहेर आले. "माताजी, नियम है." वन्सं कडाडल्या, "लड़की का बाप माँगते हो? पहले नियम का बाप दिखाओ! कहाँ लिखा है?" आणि हात आत घालून त्यांनी माझ्या चहाच्या कपाखालची नियमपुस्तिका ओढली. महिनाभर मी तिच्यावर कप ठेवत होते, उघडली कधीच नव्हती. चौथ्या पानावर, चहाच्या गोल डागाच्या बरोबर मधोमध छापलं होतं: अनाथ विद्यार्थ्यांना बालगृहाच्या अधीक्षकांचं पत्र पुरेल. अर्जाची मुदत संपायला चार तास उरले होते. पत्र आणायला वन्सं रिक्षानं गेल्या. जाताना माझ्यावर नजर ठेवायला स्टूलावर सुनीताला बसवून गेल्या. ही हकिगत ऐकून भोपाळचा माझा नातू म्हणाला, "आजी, म्हणजे व्हिलन तूच होती क्या?" मीच, बाबा. आणखी कोण?

त्या दिवसापासून वन्संचा राग मलाही लागला. अहो, माझ्या नातवाला तेविसाव्या वर्षी स्वतःचा बनियन सापडत नाही, आणि या पोरींना अठरा पूर्ण झाली की बालगृहातून ट्रंक हातात देऊन सांगतात, आता तू मोठी झालीस! प्रवेश मिळाला म्हणजे संपलं असंही नाही. दिवाळीत होस्टेलला कुलूप. वॉर्डनबाई म्हणाल्या, "सब लड़कियाँ घर जाती हैं." "और जिसका घर नहीं, वो किधर जाए? तुम्हारे ताले में?" वन्संनी विचारलं, आणि सुनीताला ट्रंकेसकट आमच्याकडे आणलं. मी काय केलं असेल? कपाटाला कुलूप घातलं! आत होत्या तीन विटक्या साड्या. ती पोर दोन दिवस विचारल्याशिवाय माठातलं पाणीसुद्धा प्यायली नाही. तिसऱ्या दिवशी मीच निमूट कुलूप काढलं. बीएस्सी झालं, बीएड झालं, खंडव्याला शाळेत नोकरी लागली. बारा दिवाळ्या ती आमच्याकडेच आली, आणि दर वर्षी तिच्यामागून होस्टेलच्या घर नसलेल्या एकदोघी नव्या.

यंदा तिचा फोन आला. "आत्या, या दिवाळीला मी नाही येत. इथल्या होस्टेलच्या तिघी माझ्या खोलीवर राहणार आहेत. बुऱ्हाणपूरच्या दोघींना पण इकडेच बोलावलंय. तुमचे गुडघे दुखतात ना आता." वन्संनी फोन आपटला. "पाहिलंत, वहिनी? परस्पर ठरवते! घरातल्या मोठ्यांना विचारायची काही रीत?" संध्याकाळपर्यंत ताशेरे चालले. मी भीतभीत विचारलं, "मग यंदा चकल्या थोड्याच करायच्या ना?"

"थोड्या कशा? पाच पोरी आहेत तिकडे. डबा बसनं पाठवू. पहिल्या दिवशी लाजून खात नाहीत त्या, दुसऱ्या दिवसापासून कमी पडतं."

डबा गेला. दिवाळीच्या पहाटे वन्संनी सवयीनं मोठं पातेलं चढवलं, चौघींना पुरेल एवढं पाणी तापवलं. घरात आम्ही दोघीच. पाणी वाया जायला नको म्हणून मी त्यांच्या पाठीला तेल लावलं, त्यांनी माझ्या; आणि ऊन अंगणात येईपर्यंत आम्ही दोघी म्हाताऱ्या सावकाश न्हात बसलो.