सरांच्या घरात प्लास्टिकला बंदी

अख्ख्या राजापेठेत प्लास्टिकशी एकट्याने भांडण मांडलेला माणूस एकच, आमचे घरमालक सर. रसायनशास्त्राचे निवृत्त शिक्षक. बाळापूरजवळच्या खेड्यातून मी शिकायला आलो, तेव्हा त्यांनी राहायला खोली दिली आणि फी न घेता शिकवलं. आमच्या घरातला पहिला पदवीधर मी त्यांच्यामुळे झालो. म्हणून त्यांना हसताना मी आजही आवाज जरा खालीच ठेवतो.

चहाच्या टपरीवर सर पिशवीतून स्वतःचा स्टीलचा गिलास काढत. कुणी गरम चहा प्लास्टिकच्या पन्नीत बांधून नेऊ लागला की त्याची वाट अडवत. "अरे बाप्पा, गरम चहात पन्नीतली रसायनं उतरतात. शरीरातले हार्मोन फसतात त्यायच्यानं. पोटातल्या लेकरालेई त्रास होऊ शकते." तो बिचारा म्हणे, "सर, साहेब वाट पाहून राहिले." सर म्हणत, "मंग साहेबालेच इकडं आण." सर दिसले की टपरीवाला पन्न्यांचा गठ्ठा मांडीखाली सरकवी. घरात मात्र त्यांची गाठ बायकोशी, म्हणजे आमच्या काकूंशी होती. संक्रांतीच्या हळदीकुंकवात वाण म्हणून मिळालेले प्लास्टिकचे डबे काकू जिवापाड जपत. सरांनी एकदा ते सगळे गच्चीवर नेऊन त्यांत कोथिंबीर पेरली. काकू म्हणाल्या, "पुढच्या संक्रांतीले मी बायायले तुमालेच वाण म्हणून देऊन टाकतो."

हे वेड हाताबाहेर गेलं ते अकोल्याला दिलेल्या त्यांच्या लेकीला दिवस गेल्यावर. लग्नाला बरीच वर्षं झालेली, आधी एकदा आशा लागून गेलेली. सातव्या महिन्यात डोहाळजेवणाला आम्ही एसटीने निघालो, तर सरांच्या मांडीवर स्टीलच्या बादल्या! प्रत्येक खड्ड्याला त्या अशा वाजत की कंडक्टरने विचारलं, "सर, वरात हाय का?" मांडवात आचारी कढत वरण प्लास्टिकच्या बादलीत ओतणार, तोच सरांनी आपली बादली पुढे सरकवली आणि स्वतःच वाढायला निघाले. विहीणबाई लाजेने अर्ध्या झाल्या. "इवाई, तुमी पावणे! वाढून काहून राहिले?" सर म्हणाले, "पोरीच्या ताटात पडलं की बसतो."

बाळ वेळेआधीच आलं. आम्ही दवाखान्यात पोचलो तेव्हा नात एका पारदर्शक पेटीत होती. नाकात प्लास्टिकची नळी, हाताला नळी, वर सलाइनची पिशवी, तीही प्लास्टिकची. सरांच्या हातात चांदीचं बोंडलं होतं, नातीला दूध पाजायला मुद्दाम घडवून घेतलेलं. काकूंनी भीतभीत त्यांच्याकडे पाहिलं. सर कितीतरी वेळ पेटीवर तळहात टेकवून उभे होते. मग म्हणाले, "राहू द्या. आता तेच तिले धरून राहिलं."

नात सुखरूप घरी आली, आता रांगते. सर टपरीवर अजून तसेच भांडतात. परवा त्यांच्याकडे जेवलो, तेव्हा त्यांनी लवंगेची स्टीलची डबी माझ्यापुढे उघडली. लवंगांशेजारी दवाखान्यात नातीच्या मनगटाला बांधलेली प्लास्टिकची पट्टी होती, माझ्या अंगठ्याला जेमतेम पुरेल एवढी. मी तिच्याकडे बघतोय हे त्यांच्या लक्षात आलं.

"गरम काई ठेवत नाई मी त्यात," ते म्हणाले, आणि डबी हळूच मिटून घेतली.