परक्या होड्यांचा पोचमामा

लग्नाची पत्रिका द्यायला आलेला माणूस चहा घेतो आणि जातो. पोचमामा एकाच पत्रिकेच्या दोन प्रती घेऊन यायचा. एक हातात द्यायचा, दुसरी पुढे सरकवायचा आणि म्हणायचा, "हितं सई कर. मिळाली म्हनून लिव. खाली तारीख." सख्ख्या बहिणीकडून, म्हणजे माझ्या आईकडूनसुद्धा, त्याने आपल्या पोरीच्या लग्नाची पोच घेतली होती. आई सही करता करता त्याला शिव्या घालत होती. तो हसला नाही. शाई वाळली का ते बघून त्याने पत्रिका पिशवीत ठेवली.

त्याचं घर उंबरमाळीच्या अलीकडे, स्टेशनापासून रानातून अर्धा तास चालल्यावर. नोकरी मात्र खाली शहरात, एका शिपिंग एजंटाच्या कचेरीत. परदेशातून स्वतःच्या शिडाच्या बोटीने जग हिंडत आलेली माणसं आपल्या बंदरात येतात, त्यांचे सगळे सरकारी कागद मामा करायचा. बंदराचं नाव मी घेत नाही. घेतलं तर आणखी एक खुलासा लिहून द्यावा लागेल, आणि खुलासे लिहायचा मला आता वीट आला आहे. मुरबाडच्या एमआयडीसीतला माझा कारखाना बंद पडला तेव्हा मी दोन मुलांचा बाप होतो. मामाने मला त्या कचेरीत चिकटवलं आणि पहिल्या दिवशी एकच गोष्ट शिकवली. "कागद दिला का पोच घ्यायची. पोच हातात आली का पयली तारीख बगायची. शिक्का मागाहून."

या बोटवाल्यांच्या वाट्याला काय येतं ते बाहेरच्यांना ठाऊक नसतं. चाळीस फुटी बोट, तिच्यात म्हातारा-म्हातारी, चार भांडी आणि एक कुंडी. पण फॉर्म मालवाहू जहाजाचाच, कारण फिरायला आलेल्या माणसासाठी वेगळा फॉर्म काढावा असं कुणाला वाटलेलंच नाही. माल: निरंक. प्रवासी: निरंक. दारूगोळा: निरंक. चोरून चढलेली माणसं: निरंक. समुद्रात जीव वाचावा म्हणून घेतलेला सॅटेलाइट फोन इथे पोचल्या पोचल्या गुन्हा ठरतो. नांगर एका जागेवरून उचलून दुसरीकडे टाकायचा तर परवानगी. आणि प्रत्येक कागदावर बोटीचा गोल शिक्का पाहिजे. स्वतःच्या घरात राहणाऱ्या माणसाकडे घराचा शिक्का असतो का? नसतो. मग मामा शहापूरच्या बाजारात जायचा आणि रबरी शिक्के करणाऱ्याकडून बनवून आणायचा. तिथे काचेखाली सरपंच, ग्रामसेवक, दूध सोसायटीचे चेअरमन यांच्या शिक्क्यांच्या रांगेत एखाद्या फ्रेंच बोटीचा शिक्का वाळत पडलेला असायचा.

मी चिडायचो. खिडकीवरच्या साहेबाने चौथ्यांदा 'उद्या या' म्हटलं की माझं डोकं फिरायचं. मामा शांत. मला त्याच्या त्या शांतपणाचाही राग यायचा. एकदा मी म्हणालो, "मामा, तुला हे सगळं बरोबर वाटतं का रे?" तो म्हणाला, "बरोबर नाय. पन लिवलेलं हाय. लिवलेल्याशी भांडता येतं. तोंडच्याशी कसा भांडशील?"

हे कुठून आलं ते मला त्याच्या घरीच कळलं. भिंतीवर दोन तसबिरी, त्यांच्याखाली पत्र्याची पेटी, पेटीत प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेला एक पिवळा चिटोरा. मामाच्या बापाने, म्हणजे माझ्या आजाने, गावकीची फुकटची कामं आणि मेलेली ढोरं ओढणं बंद केलं तेव्हा एका मास्तरांकडून अर्ज लिहून घेतला, तालुक्याला चालत जाऊन दिला आणि त्याची पोच घेऊन आला. चार दिवसांनी गावातले लोक जाब विचारायला दारात आले. आजाला अक्षर वाचता येत नव्हतं. त्याने पोच दाखवली. "त्येंनी कागद बगितला, एकमेकांकडं बगितलं, आन गेले," मामा सांगायचा. "बापाच्या हातात दुसरं कायपन नव्हतं." ही गोष्ट ऐकल्यावर मी पोचेवरून त्याची थट्टा करणं सोडलं.

मग डेन्मार्कचं जोडपं आलं. यान आणि इंगा, दोघंही सत्तरीतली. बोटीचं नाव लेर्के, त्यांच्या भाषेत चंडोल. घरदार विकून ती बोट घेतली होती. मागे दुसरं घर नव्हतं. यान सांगायचा की एका बेटावर त्यांना बोटीतले कांदेसुद्धा मोजून लिहून द्यावे लागले होते. मामाने लगेच विचारलं, "तितं पोच देतात काय?" देतात म्हटल्यावर त्याचं त्या बेटाबद्दलचं मत चांगलं झालं. इथे त्यांची अडचण वेगळी होती. व्हिसाची मुदत एक, बोटीची मुदत दुसरी. मामा म्हणायचा, "घर घेऊन फिरनारी मान्सं ही. मानसाची तारीख येगळी, घराची तारीख येगळी. एक संपली का दुसरीला आत ठेवून भायेर जायचं?"

दोन दिवस तो त्यांना गावी घेऊन आला. घरी नेण्याआधी पोलीस ठाण्यात. परदेशी पाहुणा ठेवला तर कळवायचं असतं आणि ते हल्ली ऑनलाइन होतं. शहापूरच्या सायबर कॅफेत ते करून झालंही होतं. तरी त्याचा प्रिंट काढून तो हवालदारासमोर उभा. हवालदार म्हणाला, "अवो, ऑनलाइन दिसतंय ना. पावने हायत, न्या आन जेवू घाला." मामा हलला नाही. तासाभराने हवालदाराने वैतागून शिक्का मारला. मग घरी तांदळाची भाकरी आणि सुकट. इंगाबाईने मामीकडून भाकरी थापायला घेतली आणि तिचा पार नकाशा केला. मामी म्हणाली, "गो बाय, तुजा देस मोटा दिसतोय." मामाने ते मोडक्या इंग्रजीत सांगितलं तेव्हा ती बाई डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसली.

एप्रिलमध्ये इंगाबाईला हृदयविकाराचा झटका आला. डॉक्टरांनी मायदेशी न्यायला सांगितलं. बोट इथेच ठेवून जायची म्हणजे कस्टमने केबिनला सील ठोकायचं आणि कुणीतरी हमीपत्र द्यायचं: मालक परत येईपर्यंत बोट जागची हलणार नाही. आमच्या कचेरीतर्फे मामाने सही केली. जाताना यानने त्याचे दोन्ही हात धरले.

मेच्या मध्याला वादळाचा इशारा आला. लेर्के उघड्यावर नांगरलेली होती. दोन तासांवर आतल्या खाडीत तिवरांच्या आडोशाला न्यायची, एवढंच काम. मामाने अर्ज केला. उत्तर आलं, अर्ज बोटीच्या मास्टरने करावा. मास्टर, म्हणजे यान, डेन्मार्कमध्ये इस्पितळात बायकोच्या उशाशी बसलेला. त्याने सही करून मेलवर पत्र पाठवलं. उत्तर आलं, पत्रावर बोटीचा शिक्का नाही. शिक्का होता केबिनमध्ये. केबिनला सील. सील काढायला परवानगी. परवानगीला मास्टरचा अर्ज. त्या खिडकीसमोर उभं राहून मला वाटलं, काच फोडावी.

मी मामाला म्हणालो, "शहापूरला चल. शिक्केवाल्याच्या कॉम्प्युटरमध्ये डिझाइन आहे. दहा मिनिटांत दुसरा करून देईल." इतकी वर्षं त्याच्याबरोबर काढली, पण तो माझ्यावर तसा कधी ओरडला नव्हता. "त्येंचा शिक्का आपन मारायचा? मंग आपल्यात आन चोरात फरक काय ऱ्हायला?" कचेरीतले सगळे वळून बघायला लागले.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्याने स्वतःच्या हाताने एक कागद लिहिला. 'हमीपत्रात लिहिल्याविरुद्ध, सदर बोट मी आज सकाळी अकरा वाजता माझ्या जबाबदारीवर आतल्या खाडीत हलवत आहे. माहितीस्तव सादर.' खाली पूर्ण नाव. तो आवक खिडकीवर दिला. आतल्या माणसाने एक ओळही न वाचता शिक्का मारला. मामाने तारीख बघितली, मग शिक्का बघितला, घडी घालून कागद आतल्या खिशात ठेवला. नियम मोडायला निघालेला जगातला हा एकच माणूस असेल, ज्याने आधी त्याची पोच घेतली.

मी घाबरून कचेरीच्या मालकांना फोन केला. ते म्हणाले, "करतायत ते करू दे. आणि तू मला हे सांगितलंस, असं मी ऐकलेलं नाही." मामाने एका ओळखीच्या नाखव्याला सांगून मच्छीमारीची होडी आणली. नाखवा म्हणाला, "मामा, आमी कवाच नेली असती, तुमीच कागूद कागूद करत बसले." मामा म्हणाला, "आता हाय कागद." दोघांनी लेर्के ओढत नेली आणि तिवरांना चार दोर टाकून बांधली. वादळ आलं. उघड्यावर राहिलेल्या दोन बोटी खडकावर फुटल्या. लेर्केचा रंगसुद्धा खरवडला नाही.

पुढच्या आठवड्यात नोटीस आली. हमीपत्राचा भंग. सोबत पुरावा म्हणून मामाचंच पत्र, त्यांच्याच शिक्क्यासह. फुटलेल्या दोन बोटींबद्दल कुणाला एका शब्दाने विचारलं गेलं नाही, कारण त्या नियमाप्रमाणे फुटल्या होत्या. वाचवलेल्या बोटीची मात्र चौकशी! मामाचा बंदराचा पास काढून घेतला. कचेरीचं लायसन्स अडकू नये म्हणून मालकांनी मला बोलावलं आणि दोन वाक्यं लिहून मागितली. मी लिहिली. 'मालकांना याची पूर्वकल्पना नव्हती. मलाही नव्हती.' दुसरं वाक्य लिहिताना मी थांबलोसुद्धा नाही. घरी दोन मुलं होती, मुरबाडला पुन्हा काम शोधत फिरायचं नव्हतं, आणि अक्षर नेहमीसारखंच चांगलं आलं. मामाची नोकरी त्याच महिन्यात गेली.

ऑक्टोबरात जोडपं परत आलं. इंगाबाई बरी झाली होती. इतक्या वर्षांत शेकडो बोटींना निरोप देणाऱ्या मामाला त्यांना निरोप द्यायला गेटच्या आत सोडलं नाही. त्यांचे कागद मी केले. शेवटच्या कागदावर शिक्का मारून झाल्यावर इंगाबाईने तो रबरी शिक्का माझ्या हातात ठेवला आणि म्हणाली, हा त्याला दे.

मी उंबरमाळीला उतरून गेलो. भात पिकत आलं होतं आणि मामी खळं सारवत होती. मामाने शिक्का घेतला आणि तळहातावर दाबून बघितला. फिकट लेर्के उमटली. तो हसला, आणि ते हसणं मला सहन झालं नाही. मी सगळं सांगून टाकलं. मालकांना केलेला फोन, ती दोन वाक्यं, सगळं.

त्याने शिक्का खाली ठेवला. मग म्हणाला, "तारीख घातलीस?"

"हो."

"पोच घेतलीस काय?"

"नाही."

तेव्हा तो पेटला. "खोटं लिवलंस. आन त्याची पोच बी नाय घेतलीस! मंग इतकी वर्सं माज्या मागं फिरून शिकलास काय रे?" मामी सारवायची थांबली. मला वाटलं, आता जेव म्हणेल. तो तसं म्हणाला नाही. शिक्का घेऊन आत गेला आणि बाहेर आला नाही. मामीने पाणी दिलं, ते पिऊन मी निघालो. पुढच्या पावसाळ्याआधी तो छातीच्या दुखण्याने गेला. मी पोचलो तेव्हा सगळं उरकलं होतं.

लोक मला सांगतात, झालं ते झालं, राग सोड. का सोडू? त्या खिडकीतला माणूस अजून न वाचता शिक्के मारतो आहे. मालकांच्या कचेरीत नवा माणूस आला आहे. आणि मी, ज्याला एका माणसाने हाताला धरून लिहायला शिकवलं, त्याने ते लिहिणं पहिल्यांदा त्याच्यावरच चालवलं. सगळ्यांत जास्त राग मला माझ्या त्या लिहिण्याचा येतो.

मामाच्या पुण्यानुमोदनाला आठ दिवस झाल्यावर मी खरं काय ते दोन पानी लिहून आवक खिडकीवर गेलो. आतला माणूस म्हणाला, "हा विषय बंद झालाय, घेता येणार नाही." मी म्हणालो, घेता येणार नाही असं लिहून द्या. तो जेवायला गेला. मी उभा राहिलो. तो जेवून आला, दुसऱ्या साहेबाला बोलावलं, साहेब माझ्यावर ओरडला, मी त्याच्या दुप्पट ओरडलो. शेवटी चार वाजता शिक्का पडला. दुसऱ्या दिवशी माझी नोकरी गेली.

ती पोच घेऊन मी मामीकडे गेलो. तिने ओले हात पदराला पुसले आणि कागद उजेडाकडे धरला. आयुष्यभर त्या माणसाच्या घरात राहिलेली बाई, तिला काय वाचायचं ते सांगावं लागलं नाही. शिक्क्याकडे तिने बघितलंच नाही.

"तारीख लई उशिराची हाय रे," ती म्हणाली.

मग तिने पेटी उघडली, आजाच्या पोचेवर माझी पोच ठेवली आणि झाकण लावलं.