बापूरावांची गॅप

त्या दिवशी सकाळी आमची पाण्याची मोटार बंद पडली होती. बटण दाबलं की नुसती गुणगुणायची, फिरायची नाही. मी नेहमीप्रमाणे तिचं झाकण उघडलं, दोन स्क्रू गटारात घालवले आणि बापूरावांना फोन लावायला घेतला. तेवढ्यात त्यांच्याच नंबरावरून फोन आला. पलीकडचं ऐकून न घेताच मी म्हणालो, "बापूराव, मोटार गुणगुणतीय नुसती." पलीकडून शालनताई बोलल्या. बापूरावांची बायको, माझ्या बायकोची थोरली बहीण. "भाऊजी, ते गेले. आत्ता... चहाचा कप हातात हुता." मी तसाच चपला घालून निघालो. मोटारीचं बटण बंद करायचं राहूनच गेलं आणि ती जळली. पाच आठवडे झाले, अजून बादल्यांनी पाणी भरतोय.

बापूराव माझे साडू, गेले तेव्हा एकोणसत्तरचे. निमगाव केतकीला त्यांचं मोटारी भरायचं दुकान. मोटार भरायची म्हणजे जळकी तार काढून तांब्याची नवी तार आत गुंडाळायची. आजोबांची मेंढरं होती, वडिलांनी शेती धरली आणि हे मॅट्रिक होऊन तारेच्या नादाला लागले. मी बारामतीला एका कॉलेजात प्रयोगशाळा सहायक, म्हणजे परीक्षानळ्या धुणारा. पण लग्न जमवताना मध्यस्थानं "मुलगा कॉलेजात असतो" एवढंच सांगितलं होतं आणि सासुरवाडीनं त्याचा जो अर्थ घेतला तो मी कधी दुरुस्त केला नाही. बापूराव मला 'परफेसर' म्हणायचे. आधी आदरानं, नंतर कसं ते पुढं येईलच.

नव्वदीतली गोष्ट. काटेवाडीजवळच्या एका विहिरीवरची मोटार सारखी तापायची. तिथं आलेल्या वीज मंडळाच्या एका तरुण इंजिनिअर साहेबाला बापूराव म्हणाले, "मोटार ठीक हाय, लाइनच कमी येतीया." साहेबानं वरपासून खालपर्यंत बघितलं आणि विचारलं, "तुमची डिग्री काय?" बापूराव म्हणाले, "सावलीत चाळीस." सगळे हसले, साहेबही हसला. बापूराव मात्र हसले नाहीत. दुसऱ्या दिवशी आमच्याकडं आले, पाण्याचा तांब्या हातात घेतला आणि रेशनकार्ड काढायचं म्हणावं तशा सुरात म्हणाले, "साडू, डिग्री काढायची."

तेव्हा त्यांचं वय अडतीस. कॅलेंडरच्या पाठीवर त्यांनी बेत आखला. सकाळी एसटीनं बारामती, दुपारनं दुकान. तीन वर्षं डिप्लोमा, तिथनं डिग्रीच्या थेट दुसऱ्या वर्षाला, चव्वेचाळिसाव्या वर्षी इंजिनिअर. "मंग त्यो सायेब जितं आसंल तितं जायाचं आन् निस्तं नमस्कार म्हनायचं. दुसरं काय न्हाय." आणि मी, ज्याला कुणी काही विचारलं नव्हतं, तो म्हणालो, "कागदपत्रांचं माझ्याकडं लागलं."

पहिला अडथळा गॅप सर्टिफिकेटचा. शिक्षणात खंड पडला तर तो का पडला, त्या काळात काय केलं, याचं प्रतिज्ञापत्र. मी त्यांना घेऊन इंदापूरच्या कचेरीबाहेर टायपिस्टकडं गेलो आणि ऐटीत मजकूर सांगितला, "सदर वीस वर्षांच्या काळात प्रतिज्ञार्थीने काहीही केलेले नाही." खरं म्हणजे 'कोणतेही शिक्षण घेतलेले नाही' असं हवं होतं. पण मला वाटलं, जितकं मोघम तितकं सुरक्षित. बापूरावांनी कागद दोनदा वाचला.

"वीस वर्सं म्या काय माशा मारल्या?"

"अहो, तशी पद्धत असते."

"माजी पद्धत न्हाय तशी. अर्ध्या तालुक्याच्या मोटारी भरल्यात. लिवा की तसं."

टायपिस्ट कंटाळला होता, त्यानं तसं लिहिलं. डिप्लोमा कॉलेजचे कारकून ते वाचून म्हणाले, "मोटारी भरल्या म्हणजे? हमाली का? नोकरी असेल तर मालकाचं ना हरकत पत्र आणा." बापूराव तिथंच बाकावर बसले आणि खिशातल्या पावतीपुस्तकाच्या पाठकोऱ्या कागदावर लिहून दिलं, 'आमच्या दुकानातील बापूराव यांना शिकण्यास आमची हरकत नाही. मालक, बापूराव.' कारकुनांनी ते बराच वेळ बघितलं आणि फाइलला लावलं. मग सहज म्हणाले, "गॅप फार मोठी आहे हो तुमची." बापूराव म्हणाले, "सायेब, मोटारीच्या पोटात फिरता भाग आसतो आन् भवतीनं एक न फिरनारा. दोन्हीत गॅप आसती म्हनून तर मोटार फिरती. गॅप न्हाय ती मोटार जाम." कारकून हसले. काम झाल्यातच जमा होतं. फक्त मूळ शाळा सोडल्याचा दाखला द्यायचा राहिला होता. तो माझ्याकडं होता.

आता हे सांगताना अजून कान गरम होतात. दाखला वीस वर्षांचा, घड्यांवर फाटत आलेला. बारामतीत तेव्हा लॅमिनेशनचं यंत्र नवीन आलं होतं आणि लोक लग्नपत्रिकासुद्धा प्लास्टिकमध्ये घालून घेत होते. मला वाटलं, साडूला आश्चर्याचा धक्का द्यावा. दिला. प्रवेशाच्या शेवटच्या दिवशी तो चकचकीत दाखला मी खिडकीतून आत सरकवला. कारकुनांनी त्यावर शिक्का मारला, अंगठा फिरवला आणि जांभळा अंगठा मला दाखवला. "ह्यावर शेरा कसा मारू? शाई धरत नाही. डुप्लिकेट आणा."

तिथून थेट बापूरावांच्या शाळेत. मुख्याध्यापक म्हणाले, मूळ दाखला हरवला असं प्रतिज्ञापत्र द्या, लगेच डुप्लिकेट देतो. मी बापूरावांना हळूच म्हणालो, "द्या की मग. हरवला म्हणायचं."

"हारवला? ह्यो काय, आरशावानी झळकतोय. आदी लिवून घेतलंस काय केलं न्हाय, आता म्हन्तोस हारवला. उद्या मेलो म्हनून लिवून घेशील."

त्या दिवसापासून त्यांच्या तोंडी मी 'तुम्ही'वरून 'तू'वर आलो. 'हरवला'ऐवजी 'खराब झाला' असा अर्ज वर गेला, तिथून खाली आला, आणि डुप्लिकेट हातात पडला तेव्हा दिवाळीचे फटाके वाजत होते. वर्ष गेलं.

पुढच्या वर्षी त्यांनी फाइलला मला हात लावू दिला नाही. एकोणचाळिसाव्या वर्षी प्रवेश, सोळा वर्षांच्या पोरांच्यात मागचा बाक. गणिताचा एक पेपर दोनदा द्यावा लागला, पण बेचाळिसाव्या वर्षी डिप्लोमा हातात आला. पेढे घेऊन आमच्याकडं आले, मला अर्धाच दिला. डिग्रीचा फॉर्म आणला, भरला... आणि त्याच उन्हाळ्यात त्यांची मुलगी संगीता बारावी झाली. तिला पुण्याला इंजिनिअरिंग मिळालं. तीही शिकायला आणि हेही, तर मागं दुकान बघायला एकट्या शालनताई. बापूरावांनी भरलेला फॉर्म घडी घालून ठेवला. "एका टायमाला एका घरात एकच इंजिनिअर." माझं लॅमिनेशन मध्ये आलं नसतं तर ते वर्षभर आधीच डिग्रीला बसले असते, मुलीच्या आड यायचा प्रश्नच नव्हता. हा हिशेब त्यांनी कधी मांडला नाही. मांडला असता तर बरं झालं असतं. त्यांनी काय केलं, तर तो चकचकीत दाखला दुकानात खिळ्याला टांगला आणि येणाऱ्या प्रत्येक गिऱ्हाइकाला सांगायचे, "आमच्या परफेसरांचं काम." मी समोर बसलेलो असताना. तीस वर्षं! एकदा चिडून म्हणालो, "काढा की ते आता." तर म्हणाले, "काडू कसा? किती चिवट केलायस बघ."

तेराव्यानंतर संगीता आणि मी दुकान उघडलं. तिला डिप्लोम्याचं प्रमाणपत्र हवं होतं. लाकडी पेटी उघडली तर प्रमाणपत्र, गुणपत्रिका, तो घडी घातलेला फॉर्म, सगळ्याची वाळवीनं माती केलेली. कागद म्हणावा असा एकच शिल्लक होता, खिळ्यावरचा. वाटलं, आत्ता बापूराव इथं असते तर मी तीस वर्षांत पहिल्यांदा जिंकलो असतो.

संगीतानं तो काढून पुसायला म्हणून उलटा केला आणि तसाच माझ्यासमोर धरला. मागच्या बाजूला मार्करनं लिहिलेलं होतं. पुसून पुन्हा, पुन्हा पुसून पुन्हा, अशा जांभळट ढगावर. बेत तिथं चालूच होता. प्लास्टिकवर शाई धरत नाही याचा या माणसानं पाटीसारखा उपयोग करून घेतला होता. शेवटच्या बेताचं अक्षर थरथरतं, पण नीट लागत होतं:

'वय ७०, फॉर्म. वय ७३, डिग्री.'

आणि खाली दोन रेघा मारून, 'साडूला कळवू नये.'